बाईंनी सोडलेलं ताक

मनकर्णाबाई माझ्या थोरल्या जाऊ. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. खामगावजवळ पिंपळगाव राजा या गावात आमचं एकत्र घर होतं. चाळिशी उलटली तशी त्यांची कंबर दुखायला लागली. शेजारची रुखमाबाई म्हणाली, "आंबटानं हाडं झिजतात वं, सोड." गावात सगळ्याच असं म्हणत. बाईंनी मारुतीपुढं हातावर पाणी घेऊन जन्माचं आंबट सोडलं.

दूध पोरांना आणि विकायला, आम्हा बायांच्या वाट्याला ताकच. ते गेलं. अंबाडीची भाजी गेली. राहिली भाकर, तुरीचं वरण आणि काळा चहा. गोकुळाष्टमीचा दहीकाला त्या कपाळाला लावायच्या आणि मला द्यायच्या.

हळूहळू त्यांना बाक आला. त्यांची लेक शैलजा पहिल्या बाळंतपणाला आली, त्याच सुमारास बाई अंगणात घसरून बसल्या. नुसत्या बसल्या, तर कमरेचा मणका दबला.

खामगावच्या डॉक्टरांनी कमरेचा एक्स-रे फोटो काढला. बाईंनी एकच विचारलं, "नातवाले पायावर घेऊन न्हाऊ घालता येईन ना?"

"नाही. वाकायचं नाही, वजन घ्यायचं नाही." मग डॉक्टरांनी बाईंच्या जेवणाचं विचारलं. "जिभेला आंबट ते अंगात गेल्यावर आंबट राहत नाही, बाई. उलट नुसत्या डाळ-भाकरीनं आम्ल वाढतं, असं काही जण म्हणतात. ते असो. पण ताक नाही, पाला नाही, मग हाडाला चुना मिळणार कुठून?"

"देवापुढं सोडलं जी."

"मग दूध तरी घ्या."

येताना एस.टी.त मी म्हटलं, "मारुतीनं काही ताक मागितलं नव्हतं, बाई."

"ठाऊक हाये. मीच देल्लं."

शैलजाला मुलगी झाली. न्हाणीत पाटावर पाय पसरून मी बसले, नात माझ्या पायांवर. बाई भिंतीला टेकून नुसतं तिच्या टाळूला तेल लावत होत्या.

तेवढ्यात रुखमाबाई आली. "शैलीले ताक, अंबाडी दाखवू नका हो. बाळंतीण हाये."

"रुखमा, माह्याकडं पाह्य," बाई म्हणाल्या. "चांगली पाह्य."

रुखमाबाईनं पदर तोंडाला लावला.

"सोडलं ते म्या सोडलं. पोरीनं नाही." मग माझ्याकडं वळल्या. "जाय, ताक आण."

नातीला पुसून बाजेवर ठेवलं आणि मी ताकाची वाटी आणली. बाईंनी ती आधी देव्हाऱ्यापुढं ठेवायला लावली, हात जोडले, आणि मग शैलजाला दिली. ती पिऊन होईस्तोवर तिच्याकडं बघत राहिल्या.

स्वतः त्यांनी ताक शेवटपर्यंत घेतलं नाही. मी सकाळी दुधाचा पेला नेऊन ठेवायची, तो मात्र त्या मुकाट्यानं प्यायच्या.