बाबांची रम कोणी निवडली

आमच्याकडे दारूची बाटली विकत घेणं म्हणजे चोरीचा माल उचलणं. दुकानाच्या जाळीसमोर उभं राहायचं, नाव पुटपुटायचं आणि काळी पिशवी हातात पडली की मान खाली घालून चालू लागायचं. बाजारात साधं वांगं घेताना माणूस ते चारदा उलटंपालटं करून बघतो. बाटलीचं मात्र तोंडही बघायचं नाही. मला याचा तेव्हाही संताप यायचा आणि आजही येतो.

माझे वडील फौजेतून निवृत्त होऊन आसगावला परतले तेव्हा गोंदिया नुकताच भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला होता. थंडीत, धान घरी आल्यावर, जेवणाआधी कोमट पाण्यात थोडी रम एवढाच त्यांचा शौक होता. आई रोज पंचशील म्हणणारी आणि त्यातलं पाचवं शील दारू न पिण्याचं, म्हणून बाटलीला घरात जागा नव्हती. ती गोठ्यात, कोंड्याच्या पोत्यामागे असायची. "चार शीलं माझी, पाचवं तुझं," असं बाबा तिला चिडवायचे आणि ती भांडी आपटायची.

मला त्यांनी रम शिकवली. प्यायला नाही, ओळखायला. तळहातावर थेंब टाकून चोळायचा, दारूचा उग्र दर्प उडून जाऊ द्यायचा आणि मग हुंगायचं. उसाच्या मळीची, लाकडी पिपात मुरलेली असेल तर हाताला गूळ आणि लाकूड असा वास राहतो. नुसताच व्हॅनिलाचा भपकारा आला तर समजायचं, इसेन्सची करामत आहे. "रंग पाहून फसू नको, बाई," बाबा म्हणायचे. "साखर जाळली का रंग येते." काळी म्हणजे कडक आणि पांढरी म्हणजे पाणचट, या गावातल्या समजुतीवर ते खो खो हसायचे.

पुढे त्यांचे गुडघे गेले. नागपूरच्या फौजी कॅन्टीनमधून आपल्या वाट्याची बाटली आणणं बंद झालं. कोणी आणून देईल ती प्यायचे आणि तोंड वाकडं करायचे. त्यांच्या पंचाहत्तरीला मी ठरवलं, एक तरी बाटली त्यांना मनापासून आवडेल अशी आणायची, आणि ती मीच निवडायची.

वरठीहून कामावरून सुटल्यावर मी आणि नवरा भंडाऱ्याच्या एका दारूच्या दुकानापाशी आलो. तो रस्त्यापलीकडे मोटरसायकलवरच बसून राहिला. हेल्मेटसुद्धा काढलं नाही.

"ताई, साहेबाले पाठवा ना," दुकानदार म्हणाला.

"मलेच घ्याची आहे. रम दाखवा. लेबल वाचतो मी."

"वाचून काय करता? पांढरी घेऊन जा. लेडीज लोक तेच नेते."

मागे उभे असलेले पुरुष दात काढून हसले. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी म्हटलं, लेबल वाचल्याशिवाय मी हलत नाही, मागच्यांनी खुशाल ताटकळावं. मग एकेक बाटली जाळीबाहेर आली. एकीत मसाला होता, एकीत वरून घातलेला स्वाद. शेवटी पिपात काही वर्षं मुरलेली, फिकट सोनेरी रंगाची एक सापडली. काळी पिशवी मी परत केली आणि बाटली तशीच हातात धरून रस्ता ओलांडला. नवरा म्हणाला, "झाकून तरी घे." मी झाकली नाही.

पंचाहत्तरीच्या संध्याकाळी अंगणात बाबा, त्यांचे दोन जुने मित्र आणि माझा नवरा बसले होते. बाबांनी थेंब तळहातावर चोळला, हुंगला आणि डोळे मिटले. त्यांचा चेहरा असा सैलावला की माझा सगळा राग निवला.

"फौजी, भारीच दिसते बा. कोणं आणली?" एका मित्राने विचारलं.

"जावयानं," बाबा म्हणाले. "त्याले समजते यातलं."

मी दारातच उभी होते. माझ्या कानशिलात कोणी भडकावली असती तरी इतकं लागलं नसतं.

"जावईबापू, काय पाहून घेतली जी?" मित्राने उत्साहाने विचारलं. जावईबापू खाकरले आणि माझ्याकडे बघू लागले.

मी अंगणात आले आणि सगळं सांगितलं. मळी कसली, पीप कसलं, रंग कुठून येतो, हीच का घेतली. मित्र बाटलीकडे बघेनात, बाबांकडे बघू लागले.

"बाई, तू आत जा. आईले मदत कर," बाबा हळूच म्हणाले. "लोक काय म्हणतीन?"

"मंग मले शिकवलं कायले, बाबा?"

 बाबांनी हातातला पेला ओठाला न लावताच खाली ठेवला. मी भिंतीकडची खुर्ची ओढली आणि तिथेच, चौघांत बसले.