लाडोचं स्थळ

आवारात पाऊल टाकायच्या आधी चाचा दाराशी थांबून खाकरायचे. आत चिखलात पोटापर्यंत रुतून बसलेली एक गेंड्याची मादी, आणि हे तिला वर्दी देणार, "लाडो, म्या आलो गं." कोणी हसलं की म्हणायचे, "आत जनाना हाय. न सांगता कसं घुसायचं?"

ही गोष्ट नांदेडची, निजामाच्या राज्याच्या अखेरच्या वर्षांतली. गोदावरीकाठी एका जागीरदारांची बाग होती. तिथे हौसेने पाळलेली हरणं, मोर आणि ही लाडो. आमचं परस आणि तिचं आवार यांच्यामध्ये एकच भिंत. मी देगलूरहून नवी नवरी म्हणून आले आणि सकाळी खिडकी उघडते तर समोर गेंडा! माहेरी सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना. तुम्हीही नका ठेवू, माझं काय जातंय!

चाचा तिचे रखवालदार. उंच, किंचित वाकलेले, दाढीला मेंदी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. भिंतीवरून हाक यायची, "सूनबाई, काय करून राहिली? केळीची सालं हाय का?" आमच्या आळीतली सगळी सालं आणि उसाची वाढी लाडोच्या पोटात जायची. ती खाताना चाचा तिच्या कानामागे खाजवत बसायचे.

लाडो आसामातली. शिंगासाठी तिच्या आईला मारलं, तेव्हा ही पिल्लू होती. तिला घेऊन आलेला माणूस सांगून गेला होता की तिकडच्या गवताळ रानात आता फार थोडे गेंडे उरलेत. ते चाचांच्या काळजाला लागलं. "सूनबाई, हिला बच्चा झाला पायजे. न्हाई तर ही जातच संपली बघ." दुसरं बोलणंच नसायचं. हवापाण्याचा विषय काढला तरी गाडी तिथेच यायची.

शिंगाला गिऱ्हाईकं काय कमी! हकीम यायचे, दम्यावाले यायचे, नजर लागलेल्या पोरांच्या आया यायच्या. लाडो दगडाला शिंग घासायची, त्याचा भुगा खाली पडायचा. चाचा तो झाडून गोळा करायचे आणि थेट गोदावरीत सोडून यायचे. म्हणायचे, "आज एकाला चिमूट दिली, की उद्या दुसरा करवत घेऊन येतो."

लग्नाला बरीच वर्षं होऊन माझी कूस उजवेना, तेव्हा आमच्या सासूबाईही पदर सावरत भिंतीशी गेल्या. चाचा हात जोडून म्हणाले, "आपा, जीव मागा, देतो. पर हिचीच कूस रिकामी हाय, ही दुसऱ्याची कशी भरल?" सासूबाई फणकाऱ्याने घरात आल्या आणि पुढे कितीतरी दिवस केळीची सालं आमच्याच उकिरड्यावर पडत राहिली. मला मात्र त्या दिवशी रडू आलं, आणि खरं सांगते, बरंही वाटलं. अख्ख्या आळीत माझ्या जोडीला कोणीतरी होतं.

अखेर जागीरदारांनी मनावर घेतलं. कुठल्याशा संस्थानिकाच्या बागेतून एक नर मागवला. मालगाडीच्या डब्यातून तो आला आणि पुढे बैल जुंपलेल्या गाड्यावरून बागेत पोचला. चाचांनी नवा फेटा बांधला होता. आवाराचे दोन भाग करून मधे बांबूचे तट्टे उभे केले, वरून शेणाने असे जाड लिंपले की मुंगी जाईल तर शपथ. वासदेखील पलीकडे जाऊ नये.

"लग्नाआधी नजरानजर? शरीफांचं घर हाय हे," चाचा म्हणाले. आणि गंमत बघा, आम्हा सगळ्यांना ते पटलं! मला, सासूबाईंना, जागीरदारांनासुद्धा. का नाही पटणार? मी तरी नवऱ्याचं तोंड अंतरपाट दूर होईपर्यंत कुठे पाहिलं होतं? आळीतल्या बायकांनी तर लाडोला हळद लावायचं घाटलं होतं.

एका शुक्रवारी नमाज पढून येऊन चाचांनी तट्टे काढले. आम्ही भिंतीवरून माना उंच करून बघत होतो. नराने समोर अनोळखी जनावर पाहिलं आणि मान खाली घालून तो तिच्यावर धावूनच गेला. काय सांगू तुम्हाला! लाडो पळत होती, किंचाळत होती, आणि तो तिला दातांनी फाडत होता. डबे वाजवून, पलिते पेटवून माणसांनी त्याला मागे हटवला. तोवर तिची मांडी फाटून आतलं मांस उघडं पडलं होतं. चाचा तिथेच चिखलात बसले. "म्याच मारली तिला. वास तर घेऊ द्यायचा व्हता. वळख तर व्हऊ द्यायची व्हती."

जखम भरली, पण लाडो लंगडत राहिली. जागीरदारांनी नर परत धाडला आणि पुन्हा नाव काढायचं नाही म्हणून बजावलं. चाचा गप्प बसणारे थोडेच! त्यांनी मधोमध लाकडी खांब रोवले, दोन खांबांमधून एकमेकांचं तोंड दिसेल एवढी फट ठेवून. पलीकडचा भाग रोज झाडायचे, तिथला चिखल ओला ठेवायचे. कोण येणार होतं? कोणी नाही.

मादी माजावर आली की शीळ घालते, हे मला तेव्हा कळलं. लाडो त्या खांबांशी तोंड लावून शीळ घालायची. दुपारी स्वयंपाकघर आवरताना ती ऐकू आली की माझे हात थांबायचे. चाचा तिच्याजवळ उभे राहून पुटपुटायचे, "येईल गं, येईल."

मग दंग्यांच्या भीतीने गावातली हवा बिघडली. आळीतल्या निम्म्या घरांनी सामान बांधलं, आणि जागीरदारांनी बाग मोडायला काढली. दूरच्या एका शहरातल्या प्राणीबागेने लाडोला मागितलं. तिथे एक नर होता. चाचा त्या म्हातारपणी उड्या मारायचे बाकी राहिले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, तरी आम्ही स्टेशनवर निरोप द्यायला गेलो तेव्हा हे तिच्याच डब्यात चढून गवतावर बसले होते.

"चाचा, तुम्ही कशाला? तिथे माणसं असतील की," मी म्हटलं.

"असतील. पर हिला भ्या वाटतं ना मर्दाचं. म्या आधी वळख करून देतो." आणि गाडी हलताना ओरडून म्हणाले, "बच्चा झाला की साखर धाडतो, सूनबाई! तोंड गोड कर, मग तुझंबी व्हईल!"

माझं झालं. एक मुलगी झाली, तिचीही मुलं आता मोठी आहेत. राज्य गेलं, बागेच्या जागी घरं उठली. त्या शहराकडून आलेल्या प्रत्येकाला मी विचारलं. कोणी गेंडा पाहिलाच नव्हता, तर कोणी एकटाच पाहिला होता.

साखर आली नाही. नसेलच झालं काही, तर चाचा, तसं तरी कळवायचं होतं. मी त्या बापड्या लाडोसाठी चार आसवं गाळली असती आणि मोकळी झाले असते. आता या वयात गोड वर्ज्य आहे मला, तरी टपालवाला दारात थांबला की मी हात पुसत उठते.