पाटावरचं पुस्तक

माझा हात पुस्तकावरून निघाला आणि त्यावर गोमूत्र पडलं. मालकांनी पळीनं शिंपडलं. दोनदा. दुसऱ्यांदा माझ्या बोटांवरही उडालं.

खंडेनवमी होती. परभणीतल्या आमच्या कारखान्यात पेरणीयंत्रं बनायची. त्या दिवशी काम बंद. पान्हे, हातोडे, सांडशा सगळं धुऊन पाटावर मांडलेलं. मधोमध एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, त्यावर झेंडूची फुलं. यंत्राचा मातीत शिरणारा फण कसा असावा, बी किती खोल पडावं, याचं पुस्तक. वर्षभर ते मालकांच्या कपाटात, कुलपात. भटजींना यायला उशीर झाला होता. मी फुलं बाजूला केली आणि ते उघडलं. अर्धं पान वाचून झालं असेल.

"कशाला शिवलास पुस्तकाला?" मालक म्हणाले. "आज पुस्तक वाचायचं नसतं, एवढंबी शिकवलं न्हाई का तुमच्या वाड्यात?"

उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ते कोण वाचतं, हे मी विचारलं नाही. मालकांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांच्या मुलालाही नाही. अख्ख्या कारखान्यात मॅट्रिक पास मी एकटा, आणि पुस्तक बाटलं ते माझ्या हातानं. त्याच हातांनी सकाळी घासलेले पान्हे शेजारी कुंकू लावून बसले होते. ते बाटले नव्हते. किळस आली मला.

मी तिथं रंगकामाला लागलो होतो. पण विकलेलं यंत्र शेतात कसं चालतंय ते बघायला मालक मलाच पाठवायचे, कारण उन्हात फिरायला दुसरं कुणी तयार नसायचं. पोखर्णी, पेडगाव, पार देवगाव फाट्यापर्यंत. मी बांधावर बसून ऐकायचो. पेडगावचा एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "बी लय खोल पडायलंय, बाबा. कोंब वर येता येताच मरायलाय." मी मातीत बोट घालून बघितलं. काळी माती ओली असली की फण रुतत होता. मालकांना येऊन सांगितलं, फणाला मागून आडवी पट्टी लावा, जास्त रुतणार नाही. पट्टी लागली. यंत्र खपायला लागलं. मग मालकांनी पाहुण्यांना सांगितलं की ही अक्कल त्यांच्या मुलाची. मी तिथंच उभा होतो, चहाचा माझा वेगळा, कान तुटलेला कप घेऊन. आणि हसलो. तेव्हा हसलो याची शिसारी मला आजही येते.

पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती. काय बनवायचं, कुणासाठी, त्यात काय बदलायचं, हे ठरवणारा माणूस मला व्हायचं होतं. पट्टी मी अंदाजानं सांगितली होती. ज्वारीला किती खोल, कापसाला किती, आणि का, हे मला ठाऊक नव्हतं. अंदाज किती दिवस पुरणार? शिकवणारं कुणी नाही. पुस्तक एक, तेही कुलपात.

दसरा झाल्यावर शेतकी कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो. कारकुनानं फॉर्म दिला. बाहेरच्या माणसाला पुस्तक घरी न्यायचं तर त्याच्या मालकाची सही हवी. फॉर्म घेऊन मालकांसमोर उभा राहिलो. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि थांबले.

"सही देतो. पण आधी त्या पुस्तकाम्होरं नाक घास. सगळ्यायसमोर. म्हण, चुकी झाली."

कामगार गोळा झाले. पुस्तक काढून स्टुलावर ठेवलं. कडेची पानं गोमूत्रानं चिकटली होती, ती सोडवायची तसदीही कुणी घेतली नव्हती. किसनमामा, आमच्याच बौद्धवाड्यातले म्हातारे वेल्डर, माझ्या कानाशी आले. "घास की गड्या. नाकाला काय हुतंय? पोट हाय मागं."

मामांचा राग आला नाही. कारण माझे गुडघे आधीच वाकले होते. खरं सांगतो, वाकले होते. एका सहीसाठी. अर्धा वाकलो आणि मालकांच्या चेहऱ्याकडं नजर गेली. माणूस खूश होता. आवडीचं ताट समोर आल्यावर होतो तसा. त्या चेहऱ्याची घाण वाटली, त्याहून जास्त माझ्या गुडघ्यांची. वडलांनी धर्म बदलून वीस वर्षं होत आली होती, आणि मी एका स्टुलापुढं वाकत होतो.

सरळ झालो.

"मालक, फॉर्म द्या."

"सही नको का?"

"नको. चूक मी न्हाई केली. तुमी केली. पुस्तक कुलपात ठेवलं."

मालकांनी फॉर्मचे दोन तुकडे केले. "उद्यापास्नं येऊ नको," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधी मी दारात होतो. कारकुनानं फॉर्म मागितला.

"घरी न्यायचं न्हाई. हितं बसून वाचायला सही लागती का?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "न्हाई लागत."

पेरणीयंत्रांवरचं एक पुस्तक मागून घेतलं आणि खुर्ची ओढली. बंद व्हायची घंटा झाली तोवर पाच पानं झाली होती आणि अर्धे शब्द कळले नव्हते. दुसरं काम कुठं मिळेल, तेही कळत नव्हतं. दगड फोडायला लागले तर फोडीन, पण सुट्टी झाली की इथं येऊन बसेन. माती माझ्या बोटांना कळते, आता तिचं गणितही शिकेन. मग यंत्र कसं बनवायचं ते मी ठरवीन, माझ्या नावानं ठरवीन. आणि ते ठरवायला कुणासमोर वाकणार नाही. पुस्तकासमोरसुद्धा नाही.