कोटाच्या पाठीवर बैलतोंड्या

इंचमावशींना इंचमावशी म्हणतात त्याला कारण आहे. त्यांनी बेतलेल्या कुठल्याही कपड्याची शिवण उलटून बघा, आत इंचभर कापड जास्तीचं दुमडलेलं सापडेल. शिवणीत माया सगळेच शिंपी सोडतात, मावशींची इंचभर अधिक. "माणूस आहे, आज ना उद्या वाढणारच," असं त्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतात. एका नवरीचं माप घेताना हेच वाक्य बोलल्या, तेव्हा तिच्या आईचा चेहरा कसा झाला होता, याची नक्कल त्यांची नणंद अजून करून दाखवते.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधोमध कापायचं टेबल. टेबल कसलं, घराचा जुना दरवाजाच तो, दोन लाकडी घोड्यांवर आडवा टाकलेला. कडीची भोकं अजून तशीच आहेत आणि मावशी त्यांत खडू उभे करून ठेवतात. खिडकीशी नणंदेचं मशीन. कोपऱ्यात पत्र्याच्या पिंपात खाकी कागदाच्या सुरळ्या. एकेक सुरळी म्हणजे एकेका कपड्याचा खाका, आणि ज्या कापडाचा कपडा त्याच कापडाच्या चिंधीने बांधलेली. त्यामुळे नाव लिहायची गरज पडत नाही. चिंधी बघायची आणि सुरळी उचलायची. तीस वर्षांत या पद्धतीने एकदाही दगा दिला नव्हता.

कामाची वाटणी पक्की होती. मावशींनी बेतायचं आणि कापायचं, नणंदेने शिवायचं. नणंदेने वीस वर्षांत कात्रीला हात लावला नव्हता. "माझा पाय मशीनवर आणि तोंड गप्पांत, कात्रीला जागाच कुठाय?" असं म्हणून ती मोकळी व्हायची. खरं म्हणजे ती घाबरायची. चुकलेली शिवण उसवता येते, कापलेलं कापड जोडता येत नाही.

आता भानगड अशी झाली, की दोन गल्ल्यांपलीकडच्या शिवणशाळेत बेतणं शिकवणाऱ्या बाई निवृत्त झाल्या. तिथल्या मुख्याध्यापिका मावशींच्याच हातचे कपडे घालायच्या. त्या स्वतः दुकानात येऊन म्हणाल्या, "मावशी, तुम्हीच या. पण नियम आहे, शाळेची शेवटची परीक्षा पास असल्याचं प्रमाणपत्र लागतं."

मावशींची शाळा लहानपणीच सुटली होती. पन्नाशीला आल्यावर मोठ्यांच्या वर्गात नाव घालून त्यांनी एकेक विषय सोडवत आणला होता. गणितात तर पैकीच्या पैकी. राहिला होता फक्त भाषेचा विषय, आणि त्यात दोनदा गटांगळ्या खाऊन झाल्या होत्या. "या वेळच्या निकालापर्यंत मी जागा धरून ठेवते," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पुढचं माझ्या हातात नाही."

मावशींना ती जागा हवी होती. उगीच 'मिळाली तर बरं' अशी नव्हे, लहान मूल दुसऱ्याच्या हातातला खाऊ बघतं तशी हवी होती. बाही खांद्यावर का बसते, का ओढते, कॉलर मानेपासून का उठते, हे सगळं त्यांना माहीत होतं आणि तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. गिऱ्हाईक विचारतं ते एवढंच, कधी देता?

"तुम्ही शिकवायला गेलात, की इथं कापणार कोण?" नणंद विचारायची.

"सकाळी शाळा, दुपारी दुकान. करीन मी."

"हो, आणि कोजागरीला चंद्र झोपून घेईल," असलं काहीतरी पुटपुटून नणंद मशीन जोरात चालवायची. म्हणजे पुढचं बोलणं नको.

भाषेची परीक्षा तोंडी होती. एक पुराणकथा सांगायची आणि तिच्यावरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मावशींच्या वर्गाच्या वाट्याला ग्रीक लोकांची एक जुनी कथा आली. एकेक वाक्य वाचताना त्यांना कळायचं, पण पान संपेपर्यंत हातात काही उरायचं नाही. त्यातून ती नावं! एकही नाव जिभेवर बसेना. 

भाषेच्या बाई वयाने मावशींच्या मुलीएवढ्या, पण डोकं शांत. त्या म्हणाल्या, "काकू, नावं राहू द्या. कोण काय आहे एवढं सांगा."

मग मावशींनी सगळ्यांचं बारसं करून टाकलं. एका बेटाचा दांडगा राजा. त्याच्या वाड्याखाली भूलभुलैया, आत शिरलेला माणूस बाहेर येत नाही. त्यात एक राक्षस, धड माणसाचं आणि तोंड बैलाचं. तो झाला बैलतोंड्या. समुद्रापलीकडच्या गावाने त्याच्या खाण्यासाठी तरणी पोरं पाठवायची. एकदा तिथला राजपुत्रच म्हणाला, मी जातो आणि त्याला संपवतो. म्हाताऱ्या बापाला शब्द दिला, की जिवंत परतलो तर जहाजाचं काळं शीड उतरवून पांढरं चढवीन. बेटाच्या राजकन्येने त्याला दोऱ्याचा गुंडा दिला. दोरा सोडत तो आत गेला, बैलतोंड्याला मारलं आणि दोरा धरून बाहेर आला. राजकन्येला घेऊन निघाला, आणि वाटेत दुसऱ्याच एका बेटावर तिला झोपेत सोडून पुढे गेला. शीड बदलायचं विसरला. बापाने कड्यावरून काळं शीड पाहिलं आणि समुद्रात उडी घेतली.

"आता ही गोष्ट चौकटींत मांडा," बाईंनी सांगितलं. "कोण, कुठे, काय हवं होतं, अडचण कोणती, शेवट काय. एकेका गोष्टीला एकेक चौकट. असा स्वतः काढलेला तक्ता परीक्षेत समोर ठेवायला परवानगी आहे."

मावशी खूश होऊन घरी गेल्या आणि खाकी कागद पसरून बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात तक्ता उलगडला, तो बघून बाईंनी तोंडाला पदर लावला. चौकटी एकमेकींना अशा चिकटवून, उलट्यासुलट्या बसवल्या होत्या, की कागदावर सुईएवढी जागा रिकामी नव्हती.

"काकू, हे काय?"

"कागद वाया नाही गेला पाहिजे ना. मोठे तुकडे आधी, लहान त्यांच्या मधल्या फटीत. कापड असंच बेततात."

"अहो, पण म्हाताऱ्या बापाने मुलगा निघायच्या आधीच उडी मारली की!"

"तो तुकडा तिथंच बसत होता," मावशी म्हणाल्या.

सगळा वर्ग हसला, मावशीही हसल्या. पण घरी जाताना त्यांना वाईट वाटत होतं. खोटं कशाला सांगा, डोळे भरून आले होते. चौकटींची युक्तीसुद्धा आपल्या डोक्यात उलटीच बसावी म्हणजे काय? तिसऱ्यांदा नापास व्हायचं आणि त्याच मुख्याध्यापिकांचं माप घ्यायचं, हे चित्र त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

दुकानात आल्या तर नणंद तणतणत होती. "वहिनी, या बाहीला खाचा नाहीत मारल्या तुम्ही! पुढची बाजू कुठली, मागची कुठली, मला काय स्वप्न पडणार?"

बाहीच्या पुढच्या कडेला एक खाच, मागच्या कडेला दोन. अंगाच्या तुकड्यांनाही तशाच. एक खाच एकीशी आणि दोन खाचा दोनांशी जुळवल्या, की बाही चुकूनही उलटी बसत नाही. मावशी हातात कात्री घेऊन तशाच उभ्या राहिल्या. तुकडे कापडावर कसेही पडोत, त्यांना जोडतात त्या खाचा. आपण चौकटी बेतल्या, खाचा मारल्याच नाहीत!

त्यांनी तक्ता पसरला आणि खाचा मारायला बसल्या. बापाला दिलेल्या शब्दाला एक खाच, तिची जोडीदार काळ्या शिडाला. दोऱ्याच्या गुंड्याला दोन, जोडीदार बाहेर येण्याच्या वाटेला. सगळं जुळलं. पण राजकन्येला बेटावर सोडल्याच्या तुकड्याला जोडीदारच सापडेना. 

"वन्सं, बघा हो," त्यांनी नणंदेला हाक मारली. "ही पोरगी दोरा देते. तिला बेटावर सोडून दिलं, त्याची खाच कुठं जुळते?"

नणंदेने चष्मा वर केला. "जिनं दोरा दिला तिला विसरला मेला? मग शीड काय लक्षात ठेवणार होता!"

मावशींनी खडू खाली ठेवला आणि नणंदेचा गालगुच्चा घेतला. तीच खाच होती ती. 

त्या दिवसापासून पंधरा दिवस दुकानात गोष्टच चालली होती. मावशी टेबलावर कोटही बेतायच्या आणि कथाही, आणि कुठला तुकडा कशाला जुळतो ते मोठ्याने म्हणायच्या. नणंद मशीनवरून चुका काढायची. शेवटी नवा मोठा तक्ता तयार झाला. तो गुंडाळून मावशींनी हाताशी आलेल्या चिंधीने बांधला आणि पिंपात उभा केला. चिंधी राखाडी लोकरीची होती.

परीक्षेच्या सकाळी पिंपातून त्यांनी राखाडी चिंधीची सुरळी उचलली आणि निघाल्या.

परीक्षक वयस्कर गृहस्थ होते. आधीच्या सात जणांनी एकच कथा एकाच सुरात सांगितलेली असावी, असा त्यांचा चेहरा होता. "मांडा तक्ता," ते म्हणाले.

मावशींनी चिंधी सोडली, कागद उलगडला. टेबलावर सहा वर्षांच्या मुलाच्या राखाडी कोटाचा खाका पसरला होता. पाठ, दोन पुढचे भाग, बाह्या, कॉलर आणि खिशाची एक टिचभर पट्टी. 

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हा... कोट आहे का?"

"हो," मावशी म्हणाल्या. "चुकून आला."

"मग तक्त्याशिवाय सांगता?"

तक्त्याशिवाय दोनदा सांगून झालं होतं. मावशींनी खाली बघितलं. खाचा होत्या. बाहीला पुढे एक, मागे दोन. त्यांची बोटं आपोआप त्या खाचांवर गेली.

"नको," त्या म्हणाल्या. "याच्यावरूनच सांगते. ही पाठ म्हणजे समुद्र, सगळं त्याच्यावर बसतं. हा डावा भाग राजपुत्राचं गाव, हा उजवा भाग ते बेट. ही बाही म्हणजे भूलभुलैया. आत हात घातला की पलीकडचं दिसत नाही, बरोबर?"

"बरोबर," परीक्षक म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढली.

मग मावशी सुटल्याच. म्हातारा बाप कॉलरवर जाऊन बसला, कारण कडा तिथेच उंच होता. ही एक खाच म्हणजे दिलेला शब्द. या दोन खाचा म्हणजे दोऱ्याची दोन टोकं. बैलतोंड्याला त्यांनी कोपरापाशी मारलं. मध्येच कुठे अडकल्या, तर बोट पुढच्या खाचेवर न्यायच्या आणि गोष्ट आपोआप पुढे सरकायची.

सांगून झाल्यावर परीक्षकांनी टेबलाच्या कडेला राहिलेली टिचभर पट्टी उचलली. "आणि ही? ही कशालाच जोडली नाहीत तुम्ही."

"ती राजकन्या," मावशी म्हणाल्या. "बेटावर राहिली ती. लहान तुकडा, म्हणून कापणाराही विसरतो आणि शिवणाराही. जो तिला विसरला, तोच पुढे शीड विसरला. माझ्या मते त्या म्हाताऱ्याचा जीव तिथंच गेला, कड्यावर नाही. एवढी पट्टी लावायची राहिली, की खिसा फाटतो आणि आतलं सगळं सांडतं."

परीक्षकांनी ती पट्टी कॉलरशेजारी नेऊन ठेवली. मग त्यांनी कागदावर गुण लिहिले आणि, नियमात नसावं बहुतेक, कागद मावशींकडे फिरवून दाखवला. 

गणितापेक्षा दोनच कमी होते.

"फक्त एक अडचण आहे," ते म्हणाले. "तक्ता कागदपत्रांना जोडावा लागतो. कोट इथंच राहील."

मावशी बाहेर आल्या त्या जवळजवळ पळतच. फोन बघितला तर नणंदेचे अकरा फोन. त्यांनी उलट फोन लावला.

"वहिनी!" पलीकडून आवाज आला. "सुरळी सोडली तर कोटाच्या पाठीवर बैलतोंड्या लिहिलंय! गिऱ्हाईक दुपारी येणार, पोरगं उद्या गावाला चाललंय!"

"वन्सं, मी पास झाले!"

मग नाक ओढल्याचा आवाज आला. "झालात ना? मग या घरी," नणंद म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

रस्ताभर मावशींच्या मनात आनंद आणि कोट आळीपाळीने येत होते. खाका नाही, वेळ नाही, आणि कबूल करून बसलेलं. आता नव्याने खाका काढायचा कधी आणि कापायचं कधी?

दुकानात शिरल्या आणि दारातच थबकल्या. टेबलावर राखाडी लोकर कापून ठेवली होती. पाठ, दोन पुढचे भाग, बाह्या, कॉलर. शेजारी त्यांचा तक्ता पालथा पडला होता आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर खडूने अख्खा कोट आखला होता. रेघा थोड्या थरथरल्या होत्या. खाचा मात्र बरोब्बर, पुढे एक, मागे दोन. खिशाची पट्टी सगळ्यांत आधी कापून, टाचणी टोचून, वेगळी जपून ठेवली होती.

नणंद मशीनमागे उभी होती आणि कात्री अजून तिच्या हातातच होती. "माप वहीत होतं," ती म्हणाली. "पंधरा दिवस कानाशी ओरडत होतात, पुढे एक मागे दोन, पुढे एक मागे दोन. बहिरी नाहीये मी. चुकलं असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी रडून घेते."

मावशींनी गळ्यातला टेप काढला. पाठ मोजली, खांदा मोजला, मुंढा मोजला. मग बाजूच्या शिवणीची माया मोजली, आणि परत मोजली.

"वन्सं, दीड इंच सोडलंय तुम्ही."

"मग? पोरगं आहे, वाढतंच ते!"

मावशींनी टेप नणंदेच्या गळ्यात घातला, खुर्ची ओढली आणि मशीनवर बसल्या. "द्या इकडे ती बाही," त्या म्हणाल्या. "आज मी शिवते."