ताईचे दोन जिने

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला सगळं हॉस्पिटल धाकटा म्हणायचं, कारण एक्स-रे विभागातल्या ताईचा तो धाकटा भाऊ. इथलं काम त्याला मिळालं तेही ताईने शब्द टाकला म्हणून. आता मात्र तिथल्या वायरलेस नेटवर्कने त्याच्या नाकी नऊ आणले होते. तळमजल्यावरून पाठवलेले एक्स-रे दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांना उशिरा मिळत होते. सोमवारपर्यंत जमलं नाही तर दुसरा माणूस बघू, असं व्यवस्थापकांनी सांगून टाकलं होतं.

पेशंटांचा खोळंबा नको म्हणून हा रोज जेवणाच्या सुट्टीत यायचा, एक-दोन फोटो पाठवून बघायचा आणि "नेटवर्क ठणठणीत" असं लिहून मोकळा व्हायचा. रिकाम्या रस्त्यावर गाडी कशाला अडेल, हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

शुक्रवारी एक काम रद्द झालं म्हणून तो अकरालाच आला. जिन्यात ताई भेटली. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या मुठीत पेन ड्राइव्ह. तिचं गुडघ्याचं दुखणं जुनंच.

"हे काय?"

"फोटो. गर्दीच्या वेळी वर जातच नाहीत रे. मग मी नेऊन देते."

"रोज?"

"होतात दहा-बारा खेपा. तक्रार लिहिली असती तर तुझ्याच अंगावर आली असती ना."

धाकट्याने तिच्या हातातून पेन ड्राइव्ह काढून घेतला. "तू चढत राहिलीस, म्हणून मला ते बंद पडलेलं कधी दिसलंच नाही. आज खुर्चीवरून उठायचं नाही. सगळे एकदम पाठव."

तिने चाळीस फोटो एकदम सोडले. सतराव्याला नेटवर्कने त्याच्या डोळ्यांदेखत मान टाकली. कॉम्प्युटरमधल्या नोंदी चाळल्यावर दोषीही सापडला. वायरलेस कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, महिन्याभरापूर्वी धाकट्यानेच हौसेने नवा घातला होता. ओझं वाढलं की हा नवा गडी हातपाय गाळायचा. त्याने मुकाट्याने जुना परत बसवला.

पुन्हा चाळीस सोडले. सगळे पोचले.

अहवालात त्याने लिहिलं, "चूक माझी. सापडली ताईमुळे." व्यवस्थापकांनी तो वाचला आणि सोमवारचा विषय पुन्हा काढला नाही. आपल्यामागे ताईसारखं माणूस उभं आहे, या विचाराने धाकट्याला भरून आलं.

डॉक्टरांचा पेन ड्राइव्ह परत द्यायला तो स्वतः निघाला. चव्वेचाळीस पायऱ्या. वर पोचेपर्यंत त्यालाच धाप लागली. बाराने गुणायची काही त्याची हिंमत झाली नाही.