लाल चिंधीचा डबा

पुण्याहून पहाटेच्या गाडीनं निघाले तेव्हा मांडीवर डबा होता. "त्याचंही अर्धं तिकीट काढ," असं नवरा स्टँडवर सोडताना म्हणाला आणि स्वतःच हसला. मला काही हसू आलं नाही. मी जात्याच घाबरट. तिकीट तीनदा तपासते, गाडीची पाटी वाचूनही शेजारणीला विचारते. त्यात बारा वाजायच्या आत ईट या गावी पोचायचं होतं. शेवंतामावशीचं वर्षश्राद्ध होतं, आणि नैवेद्याच्या वेळी तिचा डबा तिच्या फोटोपुढं ठेवायचा होता. ती होती तोवर मी तो परत केला नव्हता.

डबा जर्मनचा (आमच्याकडं ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात), पोचे आलेला. झाकणावर ठोक्याठोक्यांनी घातलेलं ‘शेवंता’ हे नाव, कडीला लाल लुगड्याची चिंधी. मावशीचा नवरा गेला तेव्हा ती पंचविशीची होती. पदरात एक मुलगा, दारात एक म्हैस, आणि माझी आई गेल्यावर मीही तिच्याच गळ्यात. तिनं खव्याची भट्टी घातली. खवा आटवताना कढई सोडून उठता येत नाही, हात थांबला की दूध खाली लागतं. उलथणं फिरवून फिरवून तिचा उजवा दंड डाव्याहून जाड झाला होता. बार्शीच्या वसतिगृहात मी शिकले ती याच डब्यावर. दर गुरुवारी लाल गाडीतून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि खव्याचा एक गोळा यायचा. "रिकामं भांडं माघारी धाडू नगंस, पोरी," एवढीच तिची अट. माझ्याकडं कुठलं काय! अंगणातल्या झाडाचे पेरू भरायची आणि खाली चिठ्ठी ठेवायची.

पुढं नोकरी, लग्न, पुणं. कुणाच्या तरी हाती शेवटचा डबा आला तो माळ्यावरच राहिला. तिचा दर महिन्याला फोन यायचा, "डबा पाठव की गं." एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं, नवा स्टीलचा घेऊन देते तुला!" नंतरच्या फोनांत तिनं डब्याचं नाव काढलं नाही. आणि मग ती गेली.

बार्शीला गाडी बदलली. ज्वारी पोटऱ्यात आली होती, तुरीच्या शेंगा वाळत होत्या, लांबवर बालाघाटाचे उघडे डोंगर. बार्शीतच पेरू घेऊन डब्यात भरले. खाली चिठ्ठी होतीच, रात्रभर खाडाखोड करून लिहिलेली. भूमच्या स्टँडवर कंडक्टर बाई म्हणाल्या, "धा मिनिटं हाय गाडी." जागा धरायला लोक रुमाल टाकतात, मी शहाणीनं डबा ठेवला आणि उतरले. बायकांच्या मुतारीपुढं ही रांग! परतताना गरम भज्यांचा वास आला. मेलं ते भजं! कागद हातात घेऊन वळते तर गाडीची जागा मोकळी.

फाटकापर्यंत धावले, तर नुसती धूळ.

कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन सामान गाडीत राहिल्याचं सांगितलं. पिकल्या मिशांचे गृहस्थ होते. त्यांनी रजिस्टर ओढलं. "काय ऱ्हायलंय? खूण सांगा."

"जर्मनचा डबा. लाल चिंधी. झाकणावर शेवंता."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ईटच्या शेवंताबाईचा? म्या लई वर्सं त्याच लाईनीला कंडक्टर व्हतो, ताई. म्हंजी तुमी ती बार्शीची चिठ्ठीवाली पोरगी व्हय?"

"हो, मीच ती," मी म्हटलं.

"तिला वाचाया येत न्हवतं. गाडी थांब्याला लागली की तितंच झाकण उघडायची आन् चिठ्ठी माझ्या हातात द्यायची. समदी गाडी ऐकायची. ‘मावशी, मी पास झाले.’ मंग पेरू समद्यास्नी." ते हसले. "मालक गेल्यावर आठव्या दिशी भट्टी पेटवली बाईनं. भावकी लई बोलली. ही म्हणली, म्हशीला सुतक कळत न्हाय, ती सांजसकाळ दूध देती."

माझ्या चिठ्ठ्या घरात तिचा मुलगा वाचून दाखवतो, असं मी इतकी वर्षं समजत होते.

"मागं मागं डबा यायचा बंद झाला," ते हळू आवाजात म्हणाले, "तरी गुरुवारी गाडीला यायची. ‘माझं काय हाय का?’ म्हणायची."

असं रडू कोसळलं, स्टँडवर, भज्यांचा कागद हातात धरून! लाज वाटली. त्यांनी त्या गाडीतल्या कंडक्टर बाईंना फोन लावला. "आगं सुनीता, खिडकीजवळ लाल चिंधीचा डबा हाय बघ. ईटला थांब्याला लागून शेवंताबाईचं घर, तितं पोचव." मग पाठ फिरवून आणखी काही सांगितलं. माझ्याकडं वळून म्हणाले, "फिकीर करू नका. त्यो डबा या रस्त्यावं हरवत न्हाय."

फिकीर कशी करू नको! पुढची गाडी दीड वाजता. वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप) मिळाली, पण तिचा ड्रायव्हर दर वस्तीला थांबून हाका मारी. "जरा जल्दी चला हो," मी चारदा म्हटलं. "उडून न्हेऊ व्हय बाई?" तो म्हणाला आणि सगळी जीप हसली. घड्याळात पावणेबारा, बारा, बारा दहा. डबा नाही तर नाही, निदान मी तरी वेळेवर पोचावं, तेही नाही.

ईटला उतरले तेव्हा अंगणात पत्रावळ्या मांडल्या होत्या, पण कुणी बसलं नव्हतं. मावशीच्या फोटोपुढं डबा होता. पेरू नीट रचलेले, आणि चिठ्ठी उघडी.

"ही कुणी उघडली?" मी विचारलं.

मावशीची सून मंगलवहिनी डोळे पुसत म्हणाली, "कंडक्टरबाई आल्त्या. साहेबांनी सांगितलं म्हणल्या, चिठ्ठी आसली तर वाचून दावायची. फोटोपुढं हुबं ऱ्हाऊन मोठ्यांदा वाचली. गाडीतली मानसं बी उतरून आल्ती, वन्सं."

जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्या चिठ्ठीत मी लिहिलं होतं, "मावशी, डबा परत करायला उशीर झाला. तू डबा मागत नव्हतीस, मला बोलवत होतीस. मला कळलं नाही. मी पास झाले, असं या खेपेला लिहिता येत नाही."

शेजारची म्हातारी काकू जवळ आली. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "बरं केलंस लिवलंस. ती समदं आयकून घेती. जेव आता."

मी जेवले. पेरू चिरून सगळ्यांना वाटले, तिच्या रिवाजाप्रमाणं.

दुसऱ्या दिवशी निघताना वहिनीनं डबा खव्यानं भरून दिला. "सवडीनं धाडा, कुणाच्या बी हाती," ती म्हणाली. मी हो म्हटलं नाही. भूमला कंट्रोलर मुद्दाम गाडीपाशी आले. खिडकीतून त्यांच्या तळहातावर खव्याचा गोळा ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि मान डोलावली. मी या वेळी जागेवरून हलले नाही.

आता डबा माळ्यावर जात नाही. घासून ओट्यावर ठेवलाय, चिंधी दिसेल असा. येत्या गुरुवारची ईटची दोन तिकिटं काढली आहेत, आणि तीनदा तपासली आहेत.

"एक डब्याचं का?" नवऱ्यानं विचारलं.

"तुझं," मी म्हटलं. "डबा माझ्या मांडीवर."