दोरीच्या आतलं घरटं

त्या तळ्यात दोरी बांधायला मी दोन वर्षं भांडले. अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलहून तासाभराच्या अंतरावरचं हे तळं उन्हाळ्यात दर शनिवारी बोटींनी इतकं भरतं की गाडी लावायलाही रांग. सगळ्यांना हवा असतो तो 'बास' नावाचा एकच मासा. पकडायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. आम्ही मारत नाही, मग बिघडतं कुठे, हे त्यांचं नेहमीचं म्हणणं. निवृत्तीनंतर मी मत्स्यखात्याच्या बायोलॉजिस्टच्या हाताखाली फुकट राबायला लागले होते. मोजमापासाठी मासा हातात घेतला की बिघडतं कुठे ते मला दिसायचं. ओठ फाटलेले, गळाचे जुने व्रण आणि त्यांच्या शेजारी नवे.

मे महिन्यात तर कहरच. नर बास काठाजवळच्या उथळ पाण्यात शेपटीने खडी साफ करून परातीएवढा खळगा करतो. मादी तिथे अंडी घालून निघून जाते आणि मग हा नर काही न खाता राखण करत बसतो. माणूस चार हातांवर आला तरी जागचा हलत नाही. त्याला कोणी उचललं की ब्लूगिल नावाचे वीतभर मासे टपलेलेच असतात. दहा-पंधरा मिनिटांत अंडी फस्त. नंतर त्या नराला किती का प्रेमाने सोडा.

म्हणून उत्तरेकडच्या कोपऱ्यात आम्ही खडी ओतली. नाताळनंतर लोकांनी फेकलेली झाडं गोठलेल्या तळ्यावर ओढत नेली, त्यांना सिमेंटचे ठोकळे बांधले. बर्फ वितळलं तशी झाडं तळाशी गेली आणि पिल्लांना लपायला जागा झाली. आता मे-जूनमध्ये तेवढ्या कोपऱ्यापुढे तरंगत्या गोळ्यांची दोरी लावावी आणि आत कोणी गळ टाकू नये, एवढंच माझं मागणं होतं.

तळ्याचे नियम ठरवणाऱ्या बैठकीत मासेमारी क्लबचे एक म्हातारे सभासद उठले. ऐंशीच्या पुढचे, चाळीस वर्षं त्याच तळ्यावर येणारे. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचे लोक बादल्या भरभरून मासे घरी नेतात, आणि नियम आम्हाला?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग आला की मी हमी देत सुटते, ही माझी जुनी खोड. मी उभी राहून सांगितलं, "एक वर्ष दोरी लावून बघा. राखण मी करते. एकदा जरी कोणी आत गळ टाकला, तर दोरी कायमची काढा." सेक्रेटरीने हे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

दोरी लागली आणि त्याच मे महिन्यात माझा मोठा भाऊ देवगडहून आला. वय बहात्तर. जन्म खाडीकाठी गेलेला, बोटाने दाबून माशाचा ताजेपणा सांगणारा माणूस. आमच्या घरात पंधरा दिवस टीव्ही बघून तो पार वैतागला होता. त्याच्यासाठी मी मासेमारीचं एक दिवसाचं लायसन्स काढलं, त्याला तळ्यावर नेलं आणि दोरीपासून लांब, लाकडी धक्क्यावर खुर्ची टाकून बसवलं. हातात रॉड आणि शेजारी गांडुळांचा डबा दिला.

"दादा, त्या दोरीच्या आत जायचं नाही हं."

"बरं गो," तो म्हणाला.

का जायचं नाही, ते मी सांगितलं नाही. नोकरीत तीस वर्षं लोकांना नुसत्या सूचना देऊन मला तीच सवय लागली होती. वही घेऊन मी वळणापलीकडची घरटी मोजायला गेले.

अर्ध्या तासाने परत आले तर खुर्ची रिकामी. दादा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दोरीच्या आत पाण्यात उभा होता. काठावर माझी बादली होती. पाण्यात पडलेले गळाचे तुटके दोरे, गंजके गळ गोळा करायला मी ती नेहमी नेते. तिच्यात एक मोठा बास वाकडा होऊन बसला होता, शेपटी बाहेर.

"बघ गो!" त्याचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. "पायाशी उभा होता, पळेचना! गळ टाकला नि लगेच धरला! चढणीचा मासा कसा असतो, तस्साच. आता गाबोळी मिळते की नाही बघ."

 आमच्याकडे गावी पाऊस लागला की मासे प्रवाहाच्या उलट चढून शेतांत येतात, अंडी घालायला. सगळा गाव टोपल्या घेऊन धावतो. पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, भरलेला मासा उथळ पाण्यात स्वस्थ उभा आहे, याचा आमच्या भाषेत अर्थ एकच. धरा. दादाने दोरी पाहिली होती. ती पोहणाऱ्यांसाठी असेल असं त्याला वाटलं. मासा गांडूळ खायला नव्हे, घरट्यावरून दूर करायला तोंडात धरतो, हे त्याला कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं.

"दादा, हा नर आहे. गाबोळी नाही त्याच्यात. तो अंडी राखत होता!"

घरट्याकडे पाहिलं तर ब्लूगिल आले होते. आधी चार, मग मोजता येणार नाहीत इतके. मी बुटांसकट पाण्यात शिरले, दोन्ही हातांनी पाणी झोडपायला लागले. ते पांगायचे आणि परत यायचे. "सोड त्याला! आधी ओला हात कर, मग धर!" मी ओरडले. दादाने मासा बादलीतून काढून पाण्यात धरला. तो कुशीवर कलंडला. कल्ले हलत होते, पण सावकाश.

एवढ्यात बोटीच्या छोट्या मोटरची घरघर ऐकू आली. वळणावरून तेच म्हातारे सभासद येत होते, एकटेच.

मी दादासमोर आडवी उभी राहिले. म्हणजे मासा त्यांना दिसू नये अशी. हे मी विचार करून केलं नाही, पाय आपोआप तिकडे वळले. त्यांनी बोट दोरीबाहेर थांबवली आणि विचारलं, "सगळं ठीक ना?"

"ठीक," मी म्हणाले. "मोजणी चाललीय. हा माझा भाऊ, मदतीला आलाय."

त्यांनी टोपी किंचित उचलली. दादाने मागून वाकूनच मान हलवली, हात पाण्यात तसेच. बोट लांब जाईपर्यंत मी तिथून हलले नाही.

मासा शेवटी सरळ झाला. दादाच्या हातातून निसटला आणि खोल पाण्याकडे निघून गेला. घरट्याकडे वळला नाही. मी दोन तास तिथे उभी राहून ब्लूगिल हाकलत होते. पाय बधिर झाले. दादा काठावर बसला होता.

"मी काय चोर आहे काय गो?" गाडीत बसल्यावर तो म्हणाला. "चढणीला टोपली कोण धरायचं? तूच ना?"

मीच धरायचे.  दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी जाऊन आले. खळगा स्वच्छ होता, अंड्यांचा मागमूस नाही. वहीत त्या घरट्यापुढे मी लिहिलं: रिकामं. कारण माहीत नाही.

उन्हाळाभर मी स्वतःला समजावत राहिले. कोणी पाहिलेलं नाही. एका घरट्यापायी सगळी दोरी का घालवायची? खरं सांगितलं तर "तुमचे लोक" हे शब्द कायमचे खरे ठरणार. दादा जुलैत परत गेला. विमानतळावर त्याने विचारलं, "माझ्यामुळे तुला त्रास होणार नाही ना?" मी नाही म्हटलं आणि त्याला निरोप दिला.

सप्टेंबरच्या बैठकीत बायोलॉजिस्टने माझी वही वाचून दाखवली. दोरीच्या आत एकोणीस घरटी, त्यातली अठरा तरली. दोरीबाहेरची बहुतेक उजाड झालेली.  आता कोणीतरी खुसपट काढेल आणि मी रेटून खोटं बोलेन, अशी माझी पुरी तयारी होती.

खुसपट कोणी काढलं नाही. ते म्हातारे सभासद खुर्चीचा आधार घेऊन उठले आणि म्हणाले, "मी विरोधात होतो. माझं चुकलं, आणि या बाईंना मी जे बोललो तेही चुकलं. दोरी राहू दे. एक घरटं गेलं, तो निसर्ग."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते वाकडं बोलले असते तर मी मजेत खोटं बोलले असते. त्यांच्या चांगुलपणापुढे मात्र मला बसवेना.

"तो निसर्ग नव्हता," मी म्हणाले. "तो माझा भाऊ होता."

मग सगळं सांगितलं. बादली, ब्लूगिल, बोट. 

"त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं," म्हातारे म्हणाले.

"हो. मी खोटं बोलले."

ते खाली बसले. सेक्रेटरीने आधीच्या बैठकीत लिहून घेतलेलं माझंच वाक्य काढून वाचलं. दोरी काढावी का, यावर मतदान झालं. म्हाताऱ्यांचा हात वर गेला नाही, पण बाकीच्यांचे पुरेसे होते. दोरी गेली. बाहेर पार्किंगमध्ये बायोलॉजिस्ट माझ्याकडे न बघता म्हणाला, "अठरा वाचली होती. एकापायी तुम्ही सगळी घालवलीत." मला त्याचा राग आला नाही, कारण त्याचं खरं होतं. मी तळ्यासाठी खरं बोलले की स्वतःच्या मनाला बरं वाटावं म्हणून, ते मला अजून ठरवता येत नाही.

पुढच्या मे महिन्यात पहिल्याच शनिवारी उत्तरेच्या कोपऱ्यात सहा बोटी होत्या. मी काठावर वही घेऊन उभी होते. प्रत्येक बोटीवर कोणीतरी मासा उंच धरून फोटो काढून घेत होतं, हसत होतं, आणि प्रत्येक जण तो अलगद पाण्यात सोडत होता.

दादाचा फोन आला. त्याच्याकडे रात्र झाली होती.

"काय गो, यंदा दोरी लावली ना?"

"लावली," मी म्हणाले.